लहानूभाऊंचा पाय

मूल गावच्या राइस मिलमागच्या वाडीत ती लॉरी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या टपावर कारल्याचा वेल चढलेला होता. मिलचे मालक गोविंदभाऊ म्हणाले, "का रे कोकण्या, चालू होईन का हे?" मी काही बोलायच्या आत त्यांच्या पत्नी पुढे झाल्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्यांनी पदरात कारली तोडून घेतली आणि म्हणाल्या, "आता करा तुमाले का करायचं ते. माझी भाजी निघाली."

ती कारली मी दुपारी जेवलो, टोळीच्या तेलात परतलेली. टोळी म्हणजे मोहाची बी. झाडीपट्टीत तेव्हा घरोघर हेच तेल असायचं. भाजीला तेच, दिव्याला तेच, भेगा पडलेल्या टाचांना तेच आणि बैलबंडीच्या कण्यालाही तेच. कोकणातून आलेल्या माझ्या जिभेला ते सुरुवातीला कडवट लागायचं. पण त्या घरात मला कडू लागलं असं म्हणायची माझी टाप नव्हती.

कारण सांगतो. मी राजापूरकडचा. मराठी चौथी झाली आणि शाळा सुटली. लिहायला-वाचायला मी पुढे कामावर शिकलो, तेव्हा या लिखाणात चुका असतील त्या पोटात घालाव्यात. मामेभाऊ बल्लारपूरला नोकरीला होता, त्याच्या पत्त्यावर मी घर सोडून निघालो. पोचलो तर तो आधीच नोकरी सोडून कुठे निघून गेलेला. एका वर्कशॉपात उस्तादाच्या हाताखाली पान्हे पुसत चार वर्षं काढली. मोटारीचं काम शिकलो ते तिथे. ते वर्कशॉपही बंद झालं. मग कुणीतरी सांगितलं की मूलला मिलच्या इंजिनावर माणूस हवा आहे. मूलच्या स्टेशनावर मी उतरलो तो हिवतापाने फणफणलेला. गोविंदभाऊंनी मला बंडीत घालून घरी नेलं, कुनैन दिलं, बाईंनी पंधरा दिवस भाताची पेज पाजली. नोकरी त्यानंतर दिली. आधी काम बघतात आणि मग माणूस ठेवतात. इथे उलटं झालं होतं. त्यामुळे आपल्या हातून काही बिघडलं तर हे लोक आपल्याला परत पाठवतील, ही धास्ती माझ्या मनात कायम असायची. आणि परत जायचं म्हटलं तरी कुठे?

तर ती लॉरी. युद्धात फौजेने वापरलेली, युद्ध संपल्यावर लिलावात निघालेली. अशा गाड्यांना तेव्हा डिस्पोजलची गाडी म्हणत. गोविंदभाऊ तिच्यातून तांदूळ गडचिरोलीकडे नेत आणि येताना जंगलातला माल आणत. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातला तालुका होता आणि मध्ये वाहणाऱ्या वैनगंगेवर पूल नव्हता. व्याहाडच्या पुढे घाटावर दोन मोठ्या नावा शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या ठोकलेल्या असत. लॉरी उतारावरून हळूहळू खाली आणायची, फळीवरून नावेवर चढवायची आणि ढिवर मंडळींनी बांबूने रेटत पलीकडे न्यायची. उतार रेतीचा आणि चांगला उभा. तिथे ब्रेकवर सगळं.

चार वर्षांपूर्वी पौषातल्या एका सकाळी ही लॉरी त्या उतारावर थांबली नव्हती. सरळ खाली जाऊन नावेवर आदळली आणि पुढची चाकं पाण्यात गेली. नाव सांभाळायला उभा असलेला धर्मा ढिवर फळीखाली सापडला. त्याच्या उजव्या पायाचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही.

ड्रायव्हर होते लहानूभाऊ. त्यांनी त्याच वेळी सांगितलं होतं, "मी ब्रेक दाबलो. पायाखाली दगड आला, दबेच ना." दुपारी बैलांनी गाडी ओढून वर काढली. चांद्याहून चौकशीला आलेल्या साहेबांनी ब्रेक दाबून बघितला. ब्रेक चांगला लागत होता. आदल्या दिवशी भाच्याच्या लग्नात लहानूभाऊ थोडी प्यायले होते, हे घाटावर सगळ्यांना ठाऊक. झालं. दगड पायाखाली नव्हता, डोक्यात होता, असं लोक म्हणाले. ढिवर मंडळींनी बसून ठरवलं की लहानूच्या हातची गाडी या घाटावर नावेत चढणार नाही. त्या घाटावर सरकारी हुकमापेक्षा त्यांच्या बैठकीचा शब्द मोठा होता. नाव त्यांची, बांबू त्यांचे आणि जीवही त्यांचेच. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

लॉरी वाडीत आली आणि लहानूभाऊ त्याच मिलमध्ये पोती वाहायला लागले.

मी काम सुरू केलं तेव्हा ते जेवणाच्या सुट्टीत येऊन वाडीतल्या दगडावर बसत. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर पोत्याचे वळ. गाडीला हात लावत नसत. पण तिची नस न् नस त्यांना माहीत होती. इंजिन गंजून बसलं होतं. मी प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि इंजिनाचं तेल मिसळून ओतलं आणि हँडल घालून हिसके द्यायला लागलो, तर म्हणाले, "काऊन मारामारी करून राह्यला? सोकू दे तिले. तीन दिवस तिकडे पाहूच नको." तिसऱ्या दिवशी हँडल फिरलं. रेडिएटर नदीच्या गाळाने भरलेला होता, गिअरपेटीतून ओंजळभर रेती निघाली. सगळं जमवून पेट्रोल भरलं तरी इंजिन दोन भडके उडवून गप्प व्हायचं. मी दोन दिवस कार्ब्युरेटर उघडतोय, लावतोय. लहानूभाऊ दगडावरून म्हणाले, "नळीत फूक मारून पाह्यला का? कुंभारीण बसली असन." कुंभारीण म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी. पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी खरंच तिचं बोटभर घर निघालं.

इंजिन लागलं तेव्हा बाईंनी चाकांवर हळद-कुंकू वाहिलं. लहानूभाऊ दगडावरून उठले, बोनेटजवळ कान नेऊन ऐकलं, आणि मान हलवून पोती वाहायला निघून गेले. मी मागून म्हटलं, "भाऊ, बसा ना वर. वाडीतच एक चक्कर मारू."

"नाई गा," ते म्हणाले. "माझा पाय झोपते."

"म्हणजे?"

"आधी मीबी म्हणो, दगड आला म्हणून. पण सायबानं दाबला तं ब्रेक लागला. मंग का समजायचं? माझाच पाय झोपला असन. झोपेत माणसाले वाटते, मी चालून राह्यलो. तसंच."

चार वर्षं सगळं गाव एकच सांगत राहिलं तर माणूस शेवटी स्वतःच्या पायावरचा विश्वास घालवून बसतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता ब्रेकविषयी थोडं सांगायला हवं. या लॉरीचा ब्रेक तेलावर चालणारा होता. समजा रंगपंचमीच्या पिचकारीला लांब नळी जोडली आणि नळीच्या दुसऱ्या टोकालाही एक पिचकारी लावली. इकडचा दट्ट्या दाबला की तिकडचा बाहेर सरकतो. पायाखालची पिचकारी एक, चाकांतल्या चार, आणि मध्ये बारीक धातूच्या नळ्यांतून तेल. तेल पातळ आणि वाहतं राहिलं तरच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यासाठी खास तेल लागतं आणि ते तेव्हा नागपूरशिवाय मिळत नसे.

मी दुपारी वाडीत ब्रेक दाबून बघितला. लागत होता. चार वर्षं पडलेल्या गाडीचा ब्रेक लागतो म्हणून मी खूश. आता जुनं तेल बदलायचं तेवढं राहिलं, ते सावकाश करू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडी चांगली पडलेली, मिलचा भोंगा व्हायच्या आधी मी गाडी वाडीतून बाहेर काढायला घेतली. वाडीला किंचित उतार आहे. खाली अंगणात बाईंची धानाची सुपं आणि त्यामागे गोदामाची भिंत. मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय जागच्या जागी थांबला. पॅडल खाली जाईना. दोन्ही पायांनी उभा राहिलो त्याच्यावर. गाडी चाललीच आहे. शेवटी गिअर टाकला, इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि पुढचा बंपर भिंतीला टेकून थांबला. सुपं चिरडली, तेवढंच.

पोतं खांद्यावर घेऊन लहानूभाऊ गोदामाच्या दारात उभे होते. त्यांनी पोतं टाकलं नाही, ओरडलेही नाहीत. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "दगड आला?"

मी मान डोलवली.

दुपारी बघतो तर ब्रेक पुन्हा उत्तम.

तिसऱ्या दिवशी उजाडताच, ऊन यायच्या आत, मी गाडीखाली शिरलो आणि पुढच्या चाकाची नळी सोडवली. तेल गळायला हवं होतं. एक थेंब नाही. तोंड लावून फुंकलं, हवा जाईना. काडी घालून कोरलं तर काडीला पांढरट, मेणासारखं काही चिकटून आलं. बोटांत घेऊन चोळलं. चोळता चोळता ते वितळलं आणि बोटं तुपकट झाली.

गाडीखाली पडल्या पडल्या मला घर आठवलं. आमच्याकडे कोकमाच्या बियांचं तेल काढतात, भिरंडेल म्हणतात. ते थिजून त्याचे गोळे होतात. थंडीत आई गोळा चुलीजवळ धरायची आणि आमच्या फुटलेल्या टाचांना चोळायची. बोटांखाली अगदी हेच व्हायचं. मशीनचं तेल असं थिजत नाही. हे झाडाचं तेल होतं.

मी नळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि बाईंना म्हटलं, "बाई, टोळीचं तेल दाखवता जरा?" त्यांनी कोपऱ्यातलं पिंप उघडलं. वरून पांढरं, घट्ट थिजलेलं.

"थंडीत असंच गोटते हे," बाई म्हणाल्या. "चुलीपाशी नेलं का पातळ होते. तुले कायले पायजे? मोटारीत टाकाले? मागं त्याईनंबी टाकलं होतं. दसऱ्याच्या सुमाराले. लहानू म्हणे ब्रेकचं तेल कमी झालं, नागपूरचं आलं नोयतं. हे म्हणे, बंडीच्या कण्याले चालते तं मोटारीले काऊन नाई चालणार? चांगलं गरम करून, फडक्यानं गाळून टाकलं होतं."

गाळून. जीव लावून घातलेलं तेल ते. दसऱ्याच्या उन्हात पातळ होतं, चाललं. माल भरून निघायला रोज ऊन वर यायचं, तेव्हाही चाललं. त्या दिवशी बाजार गाठायचा म्हणून लहानूभाऊ गारठ्यात निघाले, सपाट वाटेवर ब्रेकची गरज पडली नाही, आणि नळ्यांतलं तेल थिजून दगड झालं. साहेबांनी दुपारी दाबलं तेव्हा उन्हाने ते पुन्हा तेल झालं होतं.

सगळा उलगडा माझ्या हातात होता. आणि मी गप्प बसलो.

हे लिहायला आजही जड जातं. ज्यांनी मला बंडीत घालून घरी आणलं, त्या गोविंदभाऊंना जाऊन सांगायचं की धर्माचा पाय आणि लहानूभाऊंचं नाव तुमच्या हाताने गेलं? मी कोण? चौथी शिकलेला, परक्या मुलखातला, त्यांच्या पेजेवर उठलेला. मी बाकीच्या नळ्या पेट्रोलने धुऊन काढल्या. एरंडेल आणि दवाखान्यातलं स्पिरिट मिसळून ब्रेकचं तेल केलं. उस्ताद अडचणीला असंच करायचे, एरंडेल थंडीत गोठत नाही आणि रबराला खात नाही. ती एक नळी मात्र धुतली नाही. तिच्या जागी दुसरी बसवली आणि जुनी कागदात गुंडाळून खाटेखाली ठेवली. का ठेवली, तेव्हा मला सांगता आलं नसतं.

लहानूभाऊंनी त्याच दुपारी विचारलं, "का निघालं रे नळीत?"

"कचरा होता, भाऊ."

"कचरा," ते म्हणाले, माझ्या तोंडाकडे पाहत.

आठ दिवस असे गेले. मला जेवण जाईना. बाई म्हणाल्या, पुन्हा हिव भरलं का बाप्पा. नवव्या दिवशी गोविंदभाऊ गोदामात माणसांसमोर म्हणाले, "लॉरी झाली तयार. डायवर चांद्याहून आणतो. लहानूले देलं असतं, पण नाववाले काई ऐकत नाई." लहानूभाऊ तिथेच पोतं वाहत होते. ते थांबले आणि म्हणाले, "बरोबर हाय, मालक. मीबी ऐकलो नसतो."

त्यांनी चिडून म्हटलं असतं तर कदाचित मी आणखी काही दिवस काढले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोविंदभाऊंकडे गेलो. ते अंगणात कडुनिंबाची काडी चावत बसले होते. नळी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "भाऊ, फुंका."

"काय होय हे?"

"फुंका तर."

त्यांनी फुंकलं. गाल फुगले, हवा गेली नाही. मी काडीने आतलं काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चोळलं आणि नाकाशी नेलं. टोळीच्या तेलाचा वास त्यांना सांगायला माझी गरज नव्हती. मी मान खाली घालून सगळं बोललो, शेवटी हेही बोललो की मला आठ-दहा दिवस आधीच कळलं होतं.

ते उठले, नळी उन्हाच्या कवडशात विटेवर तिरकी ठेवली आणि समोर बसले. मीही बसलो. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघे त्या नळीकडे पाहत होतो. मग तिच्या तोंडाशी एक थेंब जमला, लांबला आणि विटेवर पडला.

"चार साल," गोविंदभाऊ म्हणाले. "चार साल त्याले मी पोते वाहाले लावलो."

तसेच उठून ते गोदामात गेले. मी मागे मागे. लहानूभाऊ पोतं घेऊन शिडी चढत होते.

"लहानू, पोतं खाली ठेव."

"मालक, हे एवढं चढवतो अन्..."

"ठेव म्हंतो ना गा! अन् आता उचलू नोको."

त्यांनी सगळ्या हमालांसमोर सांगितलं. लहानूभाऊंना आनंद झाला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं काही दिसलं नाही. ते पोत्यावर बसले, आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चार साल मी याले शिव्या देल्लो."

मला त्यांनी एवढंच विचारलं, "कचरा होता म्हणे?" मी हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले.

दोन दिवसांनी आम्ही घाटावर गेलो. मुद्दाम पहाटेच्या गारठ्यात. गाडी मी चालवत नेली, लहानूभाऊ शेजारी बसले होते. ढिवर मंडळी शेकोटीभोवती होती. धर्मा काठी टेकत पुढे आला. गोविंदभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"धर्मा, लहानूचा गुन्हा नोयता. तेल मी टाकलो होतो. टोळीचं."

मग धर्मा म्हणाला, "चार साल लागले मालक, हे सांगाले?"

"मले परवा समजलं. ह्या पोरानं काढलं."

मी नळी दाखवली. ती हातोहात फिरली, प्रत्येकाने फुंकून पाहिली. ढिवरांना थिजलेलं तेल काय नवीन? त्यांच्याही घरी पिंपं होतीच. एक म्हातारा म्हणाला, "माझ्या दिव्याचीबी अशीच गत होते हिवाळ्यात." तेवढ्याने जे समजलं ते माझ्या दहा व्याख्यानांनी समजलं नसतं.

"आता का टाकलं ब्रेकात?" धर्माने मला विचारलं.

"एरंडेल. आणि दवाखान्याचं स्पिरिट."

"स्पिरिट म्हंजे दारूच ना?"

"जवळपास."

"वा रे!" धर्मा मागे वळून म्हणाला. "ब्रेक पेऊन हाय अन् डायवर कोरडा. आता बराबर जमलं." शेकोटीपाशी हसू फुटलं. मग तो गंभीर झाला. "पण बोलून का होते? उतरवू दे त्याले. मी उभा राह्यतो फळीवर."

गोविंदभाऊ नको नको म्हणत होते. धर्माने ऐकलं नाही. काठी टेकत खाली गेला आणि चार वर्षांपूर्वी उभा होता तिथेच, नावेच्या तोंडाशी, गाडीकडे तोंड करून उभा राहिला.

मी स्टिअरिंगवरून बाजूला सरकलो. लहानूभाऊंनी चपला काढून खाली ठेवल्या. अनवाणी पाय पॅडलवर ठेवला. देवाचं नाव वगैरे घेतलं नाही. गाडी उतारावर आली. रेती चाकांखाली सरकत होती आणि खाली काठीला टेकलेला तो एकटा माणूस मोठा मोठा होत चालला होता. ब्रेकच्या प्रत्येक जोडणीवर माझे पान्हे फिरले होते, एक नट ढिला राहिला असेल तर? डोळे मिटावेसे वाटले, पण लहानूभाऊ उघडे ठेवून बसले होते, मला मिटायचा काय अधिकार?

धर्मापासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. बंपर आणि त्याची काठी यांत एक सूप मावलं असतं, एवढंच.

धर्मा पुढे झाला. बोनेटवर हात ठेवून त्याने दोनदा थापटलं, जसं बैलाला थापटतात, आणि वर ओरडला, "फळ्या सरकवा गा! लहानूची गाडी येऊन राह्यली."

लोक धावले. पण गाडी पुढे निघेना. मी पाहिलं तर लहानूभाऊंचे हात स्टिअरिंगवर, नजर समोर, आणि पाय ब्रेकवर तसाच दाबलेला.

"भाऊ, सोडा आता. फळी लागली."

"निघत नाई रे."

मी खाली वाकलो. दोन्ही हातांनी त्यांची टाच धरली. भेगाळलेली, पोती वाहून रुंद झालेली टाच. हळूहळू वर उचलली. तळव्यावर पॅडलच्या रबराची नक्षी उमटलेली होती. लहानूभाऊ खाली त्या पायाकडे बघत होते.

"पाह्य," ते मला म्हणाले, "जागाच होता हा."